खिशातली अर्धी वही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



शाळेत मराठी शिकवत होतो तेव्हा, आणि आता निवृत्त झाल्यावरही, मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, लिहायची फार इच्छा आहे, पण सुचत नाही. तुम्हाला कसं सुचतं?" पूर्वी मी यावर वाचन, मनन, चिंतन असं काहीतरी भारदस्त सांगत असे. हल्ली मी शर्टाच्या खिशातून एक वही काढून दाखवतो. शाळेतल्या मुलांची चाळीस पानी वही मधोमध आडवी कापून घेतलेली. पाठीला दोन पिना असतात, त्यामुळे कापल्यावर दोन्ही अर्ध्यांच्या वाट्याला एकेक पिन येते आणि एका वहीच्या दोन वह्या होतात. तिला दोऱ्याने एक पेन्सिलीचा तुकडा बांधलेला. बस्स, माझं लेखनाचं सगळं सामान एवढंच.

सुचतं सगळ्यांनाच. भाकरी थापताना सुचतं, एसटीत खिडकीशी बसल्यावर सुचतं, पिकाला पाणी धरताना सुचतं. घरी येऊन हातपाय धुऊन, चहा घेऊन लिहायला बसावं, तोवर ते निघून गेलेलं असतं. आपण म्हणतो, आठवेल नंतर. आणि आपली ठाम समजूत असते की खरंच आठवेल.

माझीही हीच समजूत होती. ती कशी मोडली आणि ही अर्धी वही माझ्या खिशात कशी आली, ते आज सांगणार आहे. गोष्ट मला फारशी भूषणावह नाही, पण तुमच्या उपयोगाची असेल म्हणून सांगतो.

१९९६ सालची गोष्ट. मी तेव्हा पारनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत होतो. नववीच्या मुलांची सहल घेऊन आम्ही राळेगणसिद्धीला गेलो. नगर-पुणे रस्त्यावर वाडेगव्हाण फाट्याला आत वळलं की थोड्या अंतरावर गाव लागतं. अण्णा हजारे १९७५ साली लष्करातली नोकरी संपवून या आपल्या गावी परत आले, यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, आणि त्या मंदिरातूनच गावाच्या कामाला सुरुवात झाली, हे आपण सारे जाणतो. वर्षाकाठी ४००-५०० मिलिमीटर पाऊस पडणारं हे गाव. पडलेलं पाणी वाहून जात होतं. ते नालाबांध, पाझर तलाव आणि समतल चर यांनी अडवलं. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने पाळली आणि विहिरींना पाणी आलं. त्या काळात रोज कुठल्या ना कुठल्या शाळेची, बँकेची, संस्थेची गाडी गावात येऊन उभी राहायची.

मी मुलांना आधीच बजावून ठेवलं होतं, प्रत्येकाने वही-पेन घ्यायचं आणि ऐकाल ते लिहून काढायचं. मुलांनी लिहिलं. बांध किती, झाडं किती, दूध किती. माझ्याजवळ मात्र वही नव्हती. मास्तरांनी स्वतःही लिहून घ्यायचं असतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

दुपारी मुलं डबे खात असताना मी जरा गावात चक्कर टाकायला निघालो. एका घराच्या ओट्यावर एक आजी सुपात हुलगे निवडत बसल्या होत्या. "कुठली पोरं, मास्तर?" अशी सुरुवात झाली आणि मी ओट्याच्या कडेला टेकलो. बोलता बोलता विषय निघाला बहात्तरच्या दुष्काळाचा. दुष्काळी कामावर खडी फोडली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली, हे त्यांनी सांगितलं. हे सगळं मी आमच्या घरीही ऐकलेलं होतं. मग त्या विहिरीबद्दल बोलायला लागल्या. पूर्वी विहिरीला पाणी कसं यायचं आणि कसं जायचं, याबद्दल त्यांनी एक वाक्य उच्चारलं. विहिरीचं पाणी आणि माहेरवाशीण यांची त्यात सांगड होती. ते ऐकून मी चमकलो. मनात म्हणालो, वा! इतकी वर्षं मी वर्गात उपमा अलंकार शिकवतो, पण असं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं. त्याच वेळी ठरवलं की यावर लेख लिहायचा.

तेवढ्यात मुलांनी हाक मारली. मी उठलो, आजींना नमस्कार केला. वाक्य डोक्यात घट्ट बसलं आहे, अशी माझी खात्री होती. परतीच्या गाडीत गाण्याच्या भेंड्या झाल्या, एका मुलाला गाडी लागली, त्याचं सगळं केलं. रात्री घरी येऊन कागद घेऊन बसलो आणि काय सांगू, वाक्य नव्हतं! विहीर होती, माहेरवाशीण होती. पण ती यायची असं त्या म्हणाल्या होत्या की जायची असं? किती दिवस म्हणाल्या? शेवटी एक क्रियापद होतं, आमच्या भागातलं, जरा वेगळंच. सगळी गंमत त्या शब्दातच होती. आणि नेमका तोच गेला होता.

आता खरं तर मी दुसऱ्या रविवारी परत राळेगणला जायला हवं होतं. अंतर ते काय! पण परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते. मी एक सोपी वाट काढली. आजींच्या तोंडी घालायला एक वाक्य स्वतःच तयार केलं. चांगलं घोटीव, वळणदार. लेख एका दिवाळी अंकात छापून आला. दोन-चार पत्रंही आली, आणि पत्रं लिहिणाऱ्यांनी नेमकं तेच वाक्य उचललं होतं. ग्रामीण स्त्रीची उपजत प्रतिभा वगैरे. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

दिवाळीनंतर अंक घेऊन मी आजींना द्यायला गेलो. आजी उन्हाळ्यातच गेल्या होत्या. सूनबाई घरात होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी तिथेच ओट्यावर बसून लेख वाचून काढला, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "छान लिहिलंय सर. पण आत्याबाई असं बोलायच्या न्हाईत."

मी विचारलं, "मग कसं बोलायच्या?"

"ते मला कुठं सांगता येतंय? पण असं न्हाई."

श्रोतेहो, मला आजवर अनेकांनी टीका ऐकवली आहे, पण इतकी अचूक टीका कुणी केली नाही. त्या बाईंना मूळ वाक्य आठवत नव्हतं, पण खोटं वाक्य बरोबर ओळखता आलं. सासू गेली होती, तिचं बोलणंही गेलं होतं, आणि तिच्या नावावर छापलेलं राहिलं होतं ते माझं. एक पेन्सिल आणि बोटभर कागद जवळ असता तर हे टळलं असतं. त्या दिवशी परत येताना सुप्याला उतरून मी एक चाळीस पानी वही घेतली.

पुढे मी याचा विचार करू लागलो तेव्हा लक्षात आलं की आपल्या मराठीचं पुष्कळसं वैभव अशा टिपून घेणाऱ्यांमुळे आपल्यापर्यंत आलं आहे. दूर कशाला, आमच्याच जिल्ह्यातलं नेवासे घ्या. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानदेवांनी तिथे गीतेवर निरूपण केलं. पण ते उतरवून घेतलं सच्चिदानंदबाबांनी. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस त्यांचं लेखक म्हणून नाव येतं, आणि तिथे लेखक या शब्दाचा अर्थ लिहून घेणारा असा आहे. आपण पैस खांबाला नमस्कार करतो, त्याच वेळी शेजारी बोरू घेऊन बसलेल्या त्या गृहस्थांनाही एक नमस्कार करायला हरकत नाही.

त्याआधी काही वर्षं म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्याजवळ होत्या, त्यांना विचारून, पडताळून म्हाइंभटांनी त्या लिहिल्या. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ म्हणजे एका अर्थी टिपणांचा संग्रहच आहे. आणि परंपरा असं सांगते की पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि शिष्यांना आठवून आठवून ती पुन्हा लिहावी लागली. त्यामुळे पाठभेद झाले. एकदा लिहिलेलंसुद्धा हरवतं, मग न लिहिलेल्याची काय कथा!

आणि बहिणाबाई चौधरी. खानदेशातली ही कवयित्री निरक्षर होती. जात्यावर बसताना, शेतात राबताना गाणं ओठांवर यायचं. तिचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि घरातल्या मंडळींनी त्यातली काही गाणी ऐकता ऐकता वहीत उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह निघाला. आज शाळेतलं पोरगंही त्यातलं एखादं गाणं म्हणून दाखवतं. हे सगळं एका घरगुती वहीवर टिकून होतं. उतरवायची राहून गेलेली गाणी किती असतील, याचा विचार आला की माझ्या पोटात कालवतं.

आपल्या काळातलं उदाहरण मारुती चितमपल्ली यांचं. वनखात्यात ३६ वर्षं नोकरी केली, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट पायांखाली घातलं, आणि रानात पाहिलेलं, ऐकलेलं डायऱ्यांत नोंदवत राहिले. रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची नावं टिपून घेतली. १८ जून २०२५ रोजी ते गेले. त्यांची पुस्तकं वाचताना जाणवतं की हा माणूस टेबलाशी बसून आठवून लिहीत नाही, त्याच्याजवळ त्या त्या दिवसाची नोंद आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी थोरामोठ्यांची नावं झाली, आमच्यासारख्यांनी काय करावं? मी पंचवीस-तीस वर्षांत चुकत चुकत जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, साधन जेवढं साधं तेवढं बरं. मला एका विद्यार्थ्याने एकदा चामड्याच्या वेष्टनाची सुंदर डायरी भेट दिली. तिच्यात मी वर्षभरात तीन पानंही लिहिली नाहीत. इतक्या सुंदर कागदावर फालतू काही कसं लिहायचं, असा संकोच वाटायचा. टिपण नेहमी फालतूच वाटतं, म्हणून कागदही फालतूच हवा. अर्धी वही नसेल तर एसटीच्या तिकिटाची मागची बाजू, लग्नपत्रिकेचं पाकीट, दुकानदाराची पावती, काहीही चालतं. आमच्या सौभाग्यवतींची नोंदवही म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. दुधाचा खाडा, गॅस सिलिंडरची तारीख, म्हशीची वीत, सगळं त्या एवढ्याशा चौकोनात. घरातल्या कुठल्याही वादाचा निकाल त्या चौकोनावर लागतो.

दुसरी गोष्ट, पेनपेक्षा पेन्सिल बरी. पेन उन्हात गळतं, ऐन वेळी उमटत नाही. पेन्सिल ओलसर कागदावरही उमटते आणि तिचं अक्षर पाण्याने पसरत नाही. पावसाळ्यात मी वही दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालतो.

तिसरी गोष्ट जरा महत्त्वाची. सुरुवातीला मी फक्त एखादा शब्द लिहून ठेवायचो. म्हटलं, ही खुंटी, हिला बाकीचं अडकवून ठेवू. १९९८ सालच्या एका वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, "पिवळी पिशवी." खाली दोन रेघा मारल्यात, म्हणजे काहीतरी फार महत्त्वाचं सुचलं असणार. काय सुचलं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही! तेव्हापासून मी चार गोष्टी लिहितो. कोण, कुठे, कधी आणि काय. आणि "काय" लिहिताना बोलणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा. तो "इहीर" म्हणाला तर "इहीर", "विहीर" नाही. शुद्धलेखन नंतर शाळेत.

चौथी गोष्ट मी आमच्या गावच्या एका जुन्या किराणा दुकानदाराकडून शिकलो. ते दिवसभर गिऱ्हाईक करताना कच्च्या वहीत भराभर लिहायचे आणि रात्री दुकान बंद केल्यावर त्यावरून रोजकीर्द आणि खतावणी करायचे. कितीही दमले तरी खतावणी केल्याशिवाय उठायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, कच्ची वही रात्रीपर्यंतच बोलते. सकाळी ती मुकी होते." मीही तसंच करायला लागलो. खिशातली अर्धी वही म्हणजे माझी कच्ची वही, आणि घरी एक जाड रजिस्टर आहे ती खतावणी. रोज रात्री पंधरा मिनिटं. पाऊस एका खात्यावर, माणसं एका खात्यावर, म्हणी एका खात्यावर. लेख लिहायची वेळ आली की रजिस्टर उघडायचं. निम्मा लेख आधीच तयार असतो.

आता मोबाइल. तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात आलं असेल की मास्तर अजून पेन्सिलीत अडकले आहेत. तसं नाही. नातवाने मला फोनमध्ये बोलून ठेवायला शिकवलं, मी बोलूनही ठेवतो. चालताना, हातात पिशव्या असताना त्याच्यासारखी सोय नाही. पण माळावर वाऱ्यात बोललो तर घरी येऊन ऐकताना नुसतं घोंघावणं. मग त्याने दुसरी युक्ती दाखवली. आपण बोलायचं आणि फोनने मराठीत लिहायचं. मी आमच्याकडचं एक वाक्य बोललो, तर फोनने त्यातल्या "व्हय"चं "होय" आणि "इहीर"चं "विहीर" करून टाकलं. फोनसुद्धा माझ्यासारखाच मास्तर निघाला! मला एकदम राळेगणच्या त्या सूनबाई आठवल्या. फोन जरूर वापरा, पण त्याने काय लिहिलंय ते तिथल्या तिथे वाचून पाहा. आणि त्यातलं दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण माझा एक फोन दीड वर्षाच्या नोंदी घेऊन आमच्या विहिरीत गेला आहे.

राळेगणसिद्धीला मी पुढे अनेकदा गेलो. टिपण या शब्दाचा आणखी एक अर्थ मला त्या गावामुळे कळला. माहितीच्या अधिकाराची चळवळ आपल्याला आठवत असेल. महाराष्ट्राने २००२ मध्ये माहिती अधिकार आणला, देशाचा कायदा २००५ साली झाला. पण २००६ मध्ये केंद्र सरकारने त्यात एक दुरुस्ती करायचं ठरवलं. फाइलीवर अधिकारी जी टिपणी लिहितात, शेरे मारतात, ते नागरिकांना दाखवायला नकोत, असा तिचा रोख होता. अंतिम निर्णय पाहा, त्याआधी कुणी काय लिहिलं ते विचारू नका. या दुरुस्तीच्या विरोधात अण्णांनी ऑगस्ट २००६ मध्ये आळंदीला उपोषण केलं. देशभरातून विरोध झाला आणि सरकारने ती दुरुस्ती पुढे रेटली नाही.

मी तेव्हा वर्तमानपत्रात ते वाचत होतो आणि मला गंमत वाटत होती. एक म्हातारा माणूस अन्न सोडून बसला आहे, कशासाठी, तर टिपणीसाठी! पण विचार केला आणि पटलं. अंतिम आदेश मागाहून, साऱ्या बाजू सावरून लिहिलेला असतो. तो कुणीही गुळगुळीत लिहू शकतो. त्या त्या वेळी समासात लिहिलेलं मात्र सांगतं की खरं काय घडलं, कोण काय म्हणालं, कुणी विरोध केला आणि कुणी मान डोलावली. माझा दिवाळी अंकातला लेख म्हणजे असाच अंतिम आदेश होता. त्याच्यामागे टिपणीच नव्हती.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. माहितीचा अधिकार म्हणजे काय, हे सांगताना त्यात कागदपत्रांची पाहणी करण्याबरोबरच त्यांची टिपणं काढून घेण्याचा हक्कही दिला आहे. म्हणजे सरकारी कार्यालयात बसून फाइल वाचताना खिशातली वही काढून टिपून घेणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. अर्ध्या वहीला इतकी प्रतिष्ठा मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण श्रोतेहो, सरकारचा कागद वेगळा आणि माणसाचं बोलणं वेगळं. हेही मला राळेगणलाच कळलं.

२००८ च्या सुमारास एकदा गावात एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलत होतो. पूर्वी या गावात दारूच्या भट्ट्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हे गृहस्थ त्या धंद्यातले होते. भट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली होती. मी सवयीने वही काढली. ते बोलायचे थांबले. म्हणाले, "सर, इथं येणारं प्रत्येक माणूस लिहूनच घेतंय. बांध लिहितंय, झाडं लिहितंय. आता मलाबी लिहितंय. वही खिशात घाला, मग सांगतो."

मी वही खिशात घातली. ते तासभर बोलले. घरात काय घडलं होतं, भट्टी कशामुळे मोडली, त्यानंतर बायकोशी किती वर्षांनी धड बोलणं झालं, सगळं सांगितलं. माझ्या आयुष्यात मी ऐकलेल्या फार मोठ्या गोष्टींपैकी ती एक. त्या रात्री खतावणीला बसलो आणि हात शिवशिवत होते. कुणाला कळणार होतं? नाव बदललं असतं, गाव बदललं असतं. पण "मग सांगतो" असं ते म्हणाले होते, आणि मी वही खिशात घातली होती. तो शब्द दिल्यासारखाच होता. मी त्या दिवशीच्या खात्यावर फक्त तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं, "ऐकलं." आजही तिथे एवढंच आहे. ती गोष्ट माझ्याबरोबर जाईल.

तेव्हापासून मी कुणाचं बोलणं टिपायचं झालं तर आधी विचारतो, "लिहू का?" बहुतेक लोक हो म्हणतात. काही जण तर "नीट लिहा" म्हणून पुन्हा सांगतात. आणि एक अनुभव असा की विचारून लिहिलं की माणूस जास्त खरं बोलतो. आपलं बोलणं कुणीतरी जपून ठेवतंय, हे त्याला दिसत असतं.

आज माझ्या कपाटात अशा दीडशेच्या वर अर्ध्या वह्या आहेत. त्यातल्या निम्म्या नोंदींचा काही उपयोग झालेला नाही आणि होणारही नाही. कुठल्यातरी पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावलेला रंग, एसटीत शेजारच्या बाईने लेकीला केलेला उपदेश, एका मेंढपाळाने ढगाकडे बघून काढलेला उद्गार. पण मी पाने चाळतो तेव्हा ती माणसं त्यांच्याच आवाजात बोलतात. माझ्या आवाजात नाही. मला एवढं पुरेसं वाटतं.

सगळ्यात पहिल्या अर्ध्या वहीचं पहिलं पान मात्र वेगळं आहे. सुप्याला वही घेतली त्याच दिवशी, एसटीत बसून मी त्या पानावर लिहिलं, "राळेगणसिद्धी. ओट्यावरच्या आजी. हुलगे निवडताना. विहिरीबद्दल." आणि त्याखाली एक ओळ मोकळी सोडली. वाटलं होतं, कधीतरी, झोपेत नाहीतर चालताना, अचानक आठवेल आणि मी ती भरून टाकीन. इतकी वर्षं झाली, ओळ मोकळीच आहे. मला आता एक तरी वाक्य तिथे बसवता येईल, लिहायचा सराव झाला आहे. पण त्या सूनबाई अजून आहेत. त्यांना दाखवावं लागेल.

तेव्हा मंडळी, लेखक व्हा किंवा होऊ नका, आज एवढं करा. तुमच्या घरात जे सगळ्यात वडीलधारं माणूस असेल, त्याच्याजवळ झोपण्यापूर्वी पाच मिनिटं बसा. जुन्या विहिरीबद्दल विचारा, लग्नाबद्दल विचारा, पहिल्या पगाराबद्दल विचारा. त्यांची परवानगी घ्या, आणि जे एक वाक्य तुम्हाला आवडेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. वही नसेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये आजच्या तारखेच्या चौकोनात लिहा. दुधाच्या हिशेबाखाली थोडी जागा नक्की असेल.